वारं गेलेला हात आखडतो तेव्हा

अंगावरून वारं गेलं, असं आपल्या घरांत अजूनही म्हणतात. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू. दवाखान्याच्या कागदावर स्ट्रोक किंवा पक्षाघात लिहिलेलं असतं. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते, मेंदूचा तेवढा भाग मरतो आणि त्या भागाच्या ताब्यातलं अंग हुकूम ऐकेनासं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला तर उजवं अंग जातं, उजव्या बाजूला बसला तर डावं. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की लगेच १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एवढं आता बऱ्याच घरांना माहीत झालंय.

आज बोलायचंय ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. पेशंट वाचतो, आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एका ओळीत ‘फिजिओथेरपी’ लिहिलेलं असतं. ती कुठे, किती दिवस, घरी काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा हात लुळा असतो, उचलून सोडला की धप्पकन पडतो. मग काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, तोच हात कोपरात वाकायला लागतो. दंड छातीला चिकटतो, मनगट खाली झुकतं, मूठ वळते, अंगठा मुठीच्या आत अडकतो. पायाचं उलटं होतं. गुडघा ताठ, टाच वर, चवडा खाली आणि आतल्या अंगाला वळलेला. पाऊल टेकवलं की कधीकधी पाय थडथड उडायला लागतो.

घरात यावर दोन मतं पडतात. एक म्हणतं, हातात जोर यायला लागला, आता बरं होणार. दुसरं म्हणतं, मुद्दाम करतात, सांगितलं तरी मूठ सोडत नाहीत. वस्तीतल्या घरांत आम्ही दोन्ही ऐकलंय, आणि दुसरं ऐकून रडणारे धडधाकट पुरुषही पाहिलेत. दोन्ही मतं चूक आहेत. हा जोर नाही आणि हट्टही नाही. ही पक्षाघातामागून येणारी वेगळी तक्रार आहे. इंग्रजीत तिला स्पास्टिसिटी म्हणतात, आपण स्नायूंचा ताठरपणा म्हणू. पक्षाघात झालेल्या साधारण चौघांत एकाला ती होते. तिच्यावर इलाज आहे, पण त्यातला मोठा वाटा दवाखान्यात नाही, घरात, चोवीस तासांत मिळून होतो.

ताठरपणा येतो कुठून

डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय टुणकन उडतो, हे आपण पाहिलेलं असतं. स्नायू अचानक ताणला गेला की तो आपसूक आखडतो. हा कारभार मणक्यातल्या मज्जारज्जूतून चालतो, मेंदूला विचारायची गरज पडत नाही. पण तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून मेंदू वरून सतत त्याला आवरून धरत असतो. पक्षाघाताने ती वरची पकड सुटते. मग कुणी हात सरळ करायला गेलं की स्नायू उलट ओढतो, आणि आपण जितकं झटक्यात ओढू तितका जास्त जोराने तो विरोध करतो. पाण्यात हात हळू घातला तर अलगद शिरतो, जोरात आपटला तर पाणीच लागतं. तसंच हे. घाईने, रागाने, ‘आज सरळ करूनच सोडते’ म्हणून हात ओढला तर तो आणखी वळणार.

आखडणं आणि जखडणं यांत फरक आहे. आखडलेला हात हळूहळू, धीराने उघडला तर उघडतो. पण तोच हात आठवडेच्या आठवडे वाकलेला राहिला तर स्नायू खरोखरच आखूड होतो, सांध्याभोवतालचं मांस घट्ट होतं. मग कितीही हळू करा, झोपेत करा, उघडत नाही. तो जखडला. तिथे गोळी चालत नाही, एकटं इंजेक्शनही चालत नाही. टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालणं किंवा शिर लांब करायची शस्त्रक्रिया एवढंच उरतं. म्हणून पहिल्या महिन्यांना एवढी किंमत आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं दीड-दोन वर्षांनी येतात, तळहातात नखं रुतलेली, जखम झालेली, वास येतोय, आणि घरचे म्हणतात, आम्हाला वाटलं हे असंच असतं.

एकदम ताठरपणा वाढला तर

हे वस्तीसाठी मुद्दाम सांगतो. महिनाभर बऱ्यापैकी चाललेलं असतं आणि अचानक दोन दिवसांत हात-पाय जास्त ताठ होतात. घरच्यांना वाटतं, पुन्हा वारं आलं. दुसरा झटका असू शकतो, त्यामुळे तोंड, बोलणं, नवीन कमजोरी आधी बघा, आणि शंका आली तर वाट न बघता दवाखान्यात न्या. पण पुष्कळदा कारण खालीच असतं. लघवीचा संसर्ग, चार दिवसांची कोंडलेली शौच, माकडहाडावरची जखम, मांसात घुसलेलं पायाचं नख, घट्ट बांधलेली नाडी किंवा पट्टा, थंडी, दुखरा खांदा. शरीराच्या लुळ्या भागात कुठेही काही टोचत-दुखत असलं की मणक्याला खबर पोचते आणि स्नायू आखडतात. पेशंटला तिथे नीट जाणवतही नसतं, किंवा जाणवलं तरी बोलता येत नसतं.

आता आपल्याकडे काय होतं बघा. संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला. उकिडवं बसायचं तर पाय ताठ. दोघांनी धरून न्यावं लागतं, रांग असते, लाज वाटते. मग पेशंटच पाणी पिणं कमी करतो. विशेषतः बाया. दिवसभरात दोन ग्लास. आमच्या एका मावशींनी तर चहाही सोडला होता, सुनेला रात्री उठवायला नको म्हणून. पाणी कमी म्हणजे शौच घट्ट, लघवी गडद, जळजळ, संसर्ग. आणि संसर्ग म्हणजे ताठरपणा. मावशींना ताठरपणाची गोळी वाढवून मिळाली होती. लघवी कुणी तपासली नव्हती. त्यावर औषध झालं आणि घरात बसायची सोय झाली, तेव्हा हात पूर्वीइतका सैल आला.

ही सोय महागडी नाही. मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, खाली बादली, बाजूला पडदा. भोकाच्या कडा घासून त्यावर कापड गुंडाळायचं, नाहीतर चामडी कापते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो चहा-नाश्त्यानंतर, बसवायचं. पाणी दिवसभर थोडंथोडं द्या. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि गिळताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

मूठ कशी उघडायची

बहुतेक जण बोटांची टोकं धरून ओढतात. तसं करू नका. बोटांना वळवणाऱ्या शिरा मनगटावरून पुढे जातात. मनगट सरळ ठेवून बोटं ओढली तर त्या शिरा आणखी ताणतात. म्हणून उलट सुरुवात करायची. पेशंटला बसवा, हात मांडीवर किंवा उशीवर टेकलेला असू द्या. आधी मनगट हलकेच आणखी खाली वाकवा. शिरांना ढील मिळते आणि बोटं आपोआप थोडी सैल पडतात. मग अंगठा टोकाला नाही, बुडाशी, मांसल गादीपाशी धरून बाहेर काढा. त्यानंतर एकेक बोट नाही, चारही बोटं मिळून हळू उघडा. उघडली की तशीच धरून मनगट सावकाश वर आणा. जिथे विरोध लागेल तिथे थांबा, जोर करू नका, तिथेच अर्धा-एक मिनिट धरून ठेवा. पेशंटला श्वास सोडायला सांगा. दुखून तोंड वेडंवाकडं होत असेल तर थोडं मागे या.

दिवसातून तीन-चार वेळा. आंघोळीनंतर सोपं जातं. तेव्हाच तळहात साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपून कोरडं करायचं, आठवड्याला नखं कापायची.

आणि हे स्पष्टच सांगतो, नुसतं दोन-पाच मिनिटं ताणून ताठरपणा जात नाही. उरलेले तेवीस तास हात कसा ठेवला जातो त्यावर बरंच अवलंबून असतं. शिवाय हातात जरा जरी हालचाल असेल तर पेशंटने स्वतः तो वापरला पाहिजे. बोटं उघडून वाटी सोडणं, टेबलावरचं फडकं पुढे ढकलणं, अशी कामं. मेंदूचा शाबूत भाग नवी वाट शिकतो तो अशा शेकडो वेळा केलेल्या कामातून.

रबरी चेंडू मात्र बाजूला ठेवा. मूठ आधीच वळलेली आहे. दाबायचं तिला न शिकवताच येतंय. शिकायचंय ते उघडायला. शेजारी येऊन चेंडू देऊन जातात, त्यांची माया असते, पण नको. छताच्या हुकाला दोरी-कप्पी बांधून हात वर ओढायचा व्यायामही नको. लुळ्या खांद्याचा सांधा आधीच सैल असतो, त्याने तो दुखावतो. खांदा दुखला की पूर्ण हात आखडतो. याच कारणाने पेशंटला कधीही लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून उचलू नका. कमरेला रुंद पट्टा किंवा घडी केलेली ओढणी बांधा आणि तिला धरून उठवा.

झोपवणं, बसवणं, उभं करणं

दहा बाय दहाच्या खोलीत पलंग नसतो, चालेल. जमिनीवर जाड गादी टाका, पातळ सतरंजीवर जखमा होतात. उताणं झोपवायचा वेळ कमीत कमी ठेवा, कारण उताणं असताना पायाचा ताठरपणा वाढतो. चांगल्या कुशीवर झोपवलं तर छातीपुढे उशी ठेवून त्यावर लुळा हात सरळ पसरा, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी. लुळ्या कुशीवरही झोपवता येतं. फक्त तो खांदा अंगाखाली चेपू देऊ नका, हलकेच पुढे काढा, हात बाजूला पसरा, तळवा वर. आपणहून वळता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. उशा नसतील तर जुन्या साड्या गुंडाळून बांधल्या तरी काम होतं. पावलांवर जड गोधडी टाकू नका, तिच्या वजनाने चवडा खाली दबतो.

दिवसा शक्य तितका वेळ बसवा, आणि बसवलं की दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट द्या. लुळा हात लोंबकळता ठेवू नका, पुढे उशीवर असू द्या. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की आधार देऊन उभं करा. स्वतःच्या वजनाने टाच खाली दाबली गेली की पोटरीला जो ताण मिळतो तो आपल्या हाताने देणं कठीण. पाऊल आत वळत असेल तर पायाचा स्प्लिंट मिळतो, प्लास्टिकचा, बुटात घालायचा. तो मापाने बनवलेला हवा. दुकानातला तयार आणला तर रोज रात्री काढून चामडी बघा, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो टोचतोय.

तेलाच्या मालिशबद्दल सगळे विचारतात. हलक्या हाताने चोळा, बरं वाटतं, चामडी चांगली राहते. त्याने ताठरपणा मुळातून जात नाही. गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट यांनी मात्र त्या बाजूला शेकू नका. तिथे चटका कळत नाही, आम्ही फोड आलेले पाहिलेत. कबुतराच्या रक्ताची मालिश सांगणारे लोक आजही आहेत, आणि त्यासाठी कर्ज काढून गाडी करून जाणारी घरंही. त्यात गेलेले पैसे तर जातातच, पण ज्या महिन्यांत हात वाचला असता ते महिनेही जातात.

गोळ्या आणि इंजेक्शन

ताठरपणावर बॅक्लोफेन आणि टिझानिडीन या दोन गोळ्या जास्त वापरल्या जातात. त्या लहान डोसापासून हळूहळू वाढवायच्या असतात. दोन्हींनी झोप येते, अशक्तपणा वाटतो, उठताना चक्कर येते, आणि पडून खुबा मोडला तर सगळंच बिघडतं. पहिले काही दिवस पेशंटला एकट्याने उठू देऊ नका. दारू तर अजिबात नको.

बॅक्लोफेन एकदम बंद करायची नाही. गोळ्या संपल्या, पगार झाला नाही, म्हणून आठ दिवस थांबलं, असं घरात होतं. पण त्याने फिट येऊ शकते, भास होतात, ताप चढतो, ताठरपणा उसळतो. चार-पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची सोय बघा. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू कमी करून देतील. किडनी कमजोर असेल तर हीच गोळी अंगात साचते, तेव्हा आजार लपवू नका.

टिझानिडीनचं दुसरं पथ्य आहे. लघवीच्या संसर्गावर आणि जुलाबावर सिप्रोफ्लॉक्सासिन नावाची गोळी सर्रास दिली जाते, मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही देतो. टिझानिडीन चालू असताना ती घ्यायची नाही. एकत्र झाल्या तर टिझानिडीनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, बीपी घसरतं, माणूस गुंगीत जातो. नवीन औषध घेताना जुन्या गोळ्यांची पट्टी खिशात घेऊन जा आणि दाखवा. टिझानिडीन चालू असेल तर डॉक्टर लिव्हरची रक्ततपासणी सांगतात, ती टाळू नका.

ताठरपणा एका जागी, म्हणजे फक्त मुठीत किंवा फक्त पोटरीत असेल तर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन जास्त उपयोगी पडतं. नटनट्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच हे. नेमक्या स्नायूत दिलं की काही दिवसांत तो सैल पडायला लागतो, आणि असर साधारण तीन महिने टिकतो. किंमत हजारांत जाते. म्हणून आमचं सांगणं असं की, इंजेक्शन घेण्याआधीच पुढच्या तीन महिन्यांच्या व्यायामाची आणि स्प्लिंटची व्यवस्था लावा. इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे तिथेच संपले. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात पुनर्वसन विभागात किंवा मेंदूविकार विभागात चौकशी करा, आणि खर्चाचं समाजसेवा अधीक्षकांना विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथलं काम हेच. सगळं अंग ताठ असेल आणि गोळ्या चालत नसतील तर मणक्यात औषध सोडणारा पंपही बसवतात, पण तो फार थोड्यांसाठी.

सगळा ताठरपणा घालवणं हा हट्ट धरू नका. काहींचा पाय ताठ आहे म्हणूनच ते उभे राहू शकतात. गोळी वाढवून पाय सैल केला आणि काका उभेच राहीनासे झाले, असंही झालंय. डॉक्टरांकडे जाताना ‘हात बरा करा’ एवढंच म्हणू नका. तळहात धुता यायला हवा, ब्लाऊजची बाही चढायला हवी, टाच टेकायला हवी, वंदनेला दोन्ही हात जोडता यायला हवेत, असं नेमकं सांगा. त्यावरून कोणत्या स्नायूवर काम करायचं ते ठरतं.

या सगळ्याचा भार घरातल्या एकाच बाईवर पडतो, सुनेवर नाहीतर बायकोवर. मूठ उघडायला पाच मिनिटं लागतात; ती मुलगा कामावर जाण्याआधी करू शकतो, दहावीतला नातू करू शकतो. शिकवायला आम्ही येतो तेव्हा बाप्ये माणसं दारात उभी राहून बघतात. आम्ही त्यांना आत बोलावून हात हातात देतो.

कागदांचंही बघून घ्या. पक्षाघाताने आलेलं अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हालचालीच्या अपंगत्वात बसतं. युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की सवलती आणि योजना लागू होतात. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्या. तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि आधार कार्ड मूळ न्या, झेरॉक्सचे दोन संच वेगळे ठेवा. त्या दिवशी पेशंटचा हात आणि पाय आहे तसा दाखवा; सकाळी व्यायाम करून सैल झालेला असेल तर तेही सांगा, म्हणजे एरवी तो किती ताठ असतो ते तपासणाऱ्याला कळेल.